झाकण लावलं तरी डार्क पांढराच? : वाचकांचे प्रश्न

या वेळी रात्रीच्या आकाशाचे फोटो काढणाऱ्यांचे डार्क फ्रेमबद्दलचे प्रश्न इतके आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकलून आज फक्त हेच घेऊया. जे अगदीच नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात: सेन्सरवर प्रकाशाचा एक कणही पडला नाही तरी सिलिकॉनच्या उबेमुळे आतल्या आत इलेक्ट्रॉन सुटत राहतात, आणि एक्सपोजर जितकं लांब, सेन्सर जितका गरम, तितके ते जास्त साठतात. काही पिक्सेल या कामात जरा जास्तच उत्साही असतात, ते हॉट पिक्सेल. तर झाकण लावून, बाकी सगळं लाइट फ्रेमसारखंच (म्हणजे आकाशाच्या खऱ्या फोटोसारखंच) ठेवून हा कचरा तेवढा रेकॉर्ड करायचा आणि नंतर फोटोतून वजा करायचा, डार्कचा उद्योग एवढाच. वाचायला सोपं आहे, करायला बसलं की सॉफ्टवेअर काहीतरी भलतंच दाखवतं आणि मग मला मेल येतात.

प्रश्न : सर, नवीन कूल्ड कॅमेरा घेतलाय. झाकण लावून ३०० सेकंदांचा डार्क काढला तर स्क्रीनवर काळ्याऐवजी पांढुरकं चित्र आलं, उभ्या रेघा आहेत, एका कोपऱ्यात मोठा उजेड आहे आणि ठिपके तर मोजता येणार नाहीत इतके. कॅमेरा खराब आलाय का, परत पाठवून देऊ?

थांबा, पाठवू नका. कॅप्चर सॉफ्टवेअरमध्ये ऑटो स्ट्रेच नावाचं बटण असतं आणि ते बहुतेक वेळा चालूच असतं. लाइट फ्रेम मुळात इतकी काळीकुट्ट असते की स्ट्रेच केल्याशिवाय त्यात नेब्युला दिसतच नाही, म्हणून सॉफ्टवेअर बिचारं जे काही थोडंफार आहे ते ताणून दाखवतं. डार्कमध्ये ताणायला काहीच नसतं, मग ते नॉइजच ताणतं, आणि तुम्हाला वाटतं की कॅमेऱ्याला काहीतरी झालंय. स्ट्रेच बंद करा, स्क्रीन काळी होईल.

पण स्क्रीन काळी झाली म्हणून डार्क चांगला, असंही नाही. आज हे मी परत परत सांगणार आहे, आत्ताच कंटाळून घ्या: डार्क डोळ्यांनी बघायचा नसतो, आकड्यांनी वाचायचा असतो. नीना, शार्पकॅप, एकोस, कुठलंही कॅप्चर सॉफ्टवेअर घ्या, फ्रेमचे मीन, मीडियन, मिनिमम, मॅक्सिमम हे आकडे कुठेतरी दाखवतातच, ती खिडकी शोधून उघडी ठेवा. १६ बिटच्या फाइलमध्ये पिक्सेलची किंमत ० ते ६५,५३५ असते आणि चांगल्या डार्कचा मीडियन तुमच्या ऑफसेटमुळे (कॅमेरा प्रत्येक पिक्सेलमध्ये मिळवतो तो ठरलेला आकडा) जो पाया तयार होतो त्याच्या जरासा वर असतो. म्हणजे समजा पाया ५०० चा आहे आणि ३०० सेकंदांच्या डार्कचा मीडियन ५०५-५१० आला तर तुमचा कॅमेरा मजेत आहे. तोच आकडा १२०० आला तर मात्र पुढचा प्रश्न वाचा.

कोपऱ्यातला उजेड म्हणजे अँप ग्लो, सेन्सरच्या शेजारच्या सर्किटमधून येतो. सोनीच्या आयएमएक्स२९४ आणि आयएमएक्स१८३ या सेन्सरमध्ये तो ठळक असतो, आयएमएक्स५३३ आणि आयएमएक्स५७१ मध्ये जवळपास नसतोच. असला तरी बिघडत नाही, दर वेळी त्याच जागी, तेवढाच येतो, त्यामुळे बरोबर डार्क लावला की निघून जातो. रेघांचंही तेच.

प्रश्न : सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम टाइप डार्क निवडलाय, टेलिस्कोपला पुढून झाकण घातलंय, टेंपरेचर दोन्ही वेळा उणे १० दाखवतंय, तरी दुपारी काढलेल्या डार्कचा मीन रात्रीच्या डार्कपेक्षा कितीतरी जास्त येतोय आणि फ्रेमची एक बाजू दुसरीपेक्षा उजळ आहे. हा सॉफ्टवेअरचा बग आहे का?

बग नाही, ऊन आहे. आणि यात एक गैरसमज आहे तो आधी काढून टाकूया, कारण तो फार जणांचा असतो. फ्रेम टाइप डार्क निवडल्यावर सॉफ्टवेअर काहीतरी बंद करतं असं लोकांना वाटतं. जुन्या सीसीडी कॅमेऱ्यांमध्ये मेकॅनिकल शटर असायचं, तेव्हा डार्क म्हटलं की ड्रायव्हर ते शटर मिटलेलं ठेवायचा, तो काळ वेगळा. आजच्या सीमॉस ॲस्ट्रो कॅमेऱ्यात शटरच नाही. त्यामुळे डार्क निवडलं की सॉफ्टवेअर फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे तिच्या माहितीच्या नोंदीत, डार्क असा शिक्का मारतं, वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतं आणि संपलं. दारावर ‘बंद’ अशी पाटी लावली म्हणून दार बंद होत नाही. एकोस निदान एवढं तरी विचारतं की कॅमेऱ्याला शटर आहे का, आणि नसेल तर झाकण घाला म्हणून थांबतं, पण झाकणातून प्रकाश आत येतोय की नाही हे त्यालाही कळत नाही.

मग प्रकाश येतो कुठून? पुढच्या झाकणाकडे सगळ्यांचं लक्ष असतं आणि मागून चोर शिरतो. न्यूटोनियन असेल तर प्रायमरी मिररच्या मागची बाजू बहुतेक वेळा उघडीच असते. फोकसरच्या ड्रॉ ट्यूबभोवतीची फट, फिल्टर व्हीलचा जोड, ऑफ ॲक्सिस गायडरचं तोंड, सैल बसलेला ॲडॅप्टर, हे नेहमीचे संशयित. शिवाय माउंटवर किंवा पॉवर बॉक्सवर लुकलुकणारे छोटे एलईडी, रात्री तेही ३०० सेकंदांत बरंच काम करतात.

यातला सगळ्यात फसवा भाग इन्फ्रारेडचा. सिलिकॉन सेन्सरला साधारण १००० नॅनोमीटरपर्यंत दिसतं, आपल्या डोळ्यांना ७०० च्या आसपासच संपतं. काळ्या प्लास्टिकचं झाकण आपल्याला ठार काळं दिसतं, पण काही काळी प्लास्टिकं निअर इन्फ्रारेड आरामात आत सोडतात. मोनो कॅमेऱ्यांच्या पुढच्या काचेवर सहसा इन्फ्रारेड अडवणारं कोटिंग नसतं, त्यामुळे तिथे हा त्रास जास्त. आणि टॉर्च मारून लीक शोधणारे इथेच गंडतात, कारण पांढऱ्या एलईडी टॉर्चमधून इन्फ्रारेड जवळपास निघतच नाही! टॉर्चच्या परीक्षेत झाकण पास होतं आणि उन्हात नापास. तपासायचंच असेल तर जुना तारेचा बल्ब घ्या किंवा टीव्हीचा रिमोट झाकणासमोर धरून दाबत बसा.

पक्की टेस्ट मात्र याहून सोपी आहे. आहे त्या सेटअपमध्ये एक लांब डार्क काढा, मीन लिहून ठेवा. मग काहीही सेटिंग न बदलता सगळ्या जोडांवरून ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा, वरून जाड काळं कापड टाका आणि परत काढा. आकडा खाली आला की लीक सिद्ध झाला. मग एकेक जागा उघडी करत गेलात की कुठून येतोय तेही कळेल. पण खरं सांगू का, एवढा खटाटोप करण्यापेक्षा डार्क काढताना कॅमेरा टेलिस्कोपवरून उतरवा, त्याचंच झाकण लावा, वर फॉइल चढवा, तोंड खाली करून टेबलावर ठेवा आणि खोली अंधारी करा. मागच्या फॅनची हवा तेवढी अडवू नका, नाहीतर कूलरला धाप लागेल. डार्कला फोकस, ॲलाइनमेंट, धूळ, कशाशीच देणंघेणं नसतं, त्यामुळे कॅमेरा उतरवल्याने काहीही बिघडत नाही. उतरवायचा नाही तो फ्लॅट (धूळ आणि कडांचा काळपटपणा काढण्यासाठी एकसारख्या उजेडात घेतलेले फोटो) काढून होईपर्यंत.

प्रश्न : डार्क वजा केल्यावर फोटो आधीपेक्षा वाईट दिसतोय. कोपऱ्यातला उजेड गेला पण तिथे आता काळा डाग आलाय, आणि फोटोभर छोटे काळे ठिपके. मी लाइट आणि डार्क दोन्हीला सगळं सेम ठेवलंय असं मला वाटतं. ८० डार्क काढलेत, अजून काढू का?

‘असं मला वाटतं’ हेच तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. अजून डार्क काढू नका, ८० चे ८०० केलेत तरी हेच होणार आहे. एक लाइट आणि एक डार्क शेजारी शेजारी उघडा आणि दोन्हीचे फिट्स हेडर ओळीनं वाचा. एक्सपोजर, गेन (सिग्नल किती वाढवायचा ते), ऑफसेट, बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र मोजणं), सेन्सरचं टेंपरेचर, कॅमेऱ्याचा रीडआउट मोड, आणि फाइल कुठल्या सॉफ्टवेअरनं लिहिली ते. यातलं एक तरी वेगळं निघेल, पैज लावा.

गेनपासून सुरू करतो. नीनाच्या सिक्वेन्समध्ये गेनच्या जागी काही भरलं नाही तर तिथे कॅमेऱ्याचा डीफॉल्ट गेन वापरला जातो, म्हणजे लाइट काढताना तुम्ही हातानं १०० टाकलं असेल आणि डार्कच्या ओळीत ती जागा तशीच सोडली असेल तर डार्क भलत्याच गेनवर निघालेत, आणि स्क्रीनवर सगळं छानच दिसत असतं. ऑफसेटचंही तेच, फक्त ते अजून छुपं असतं. एके दिवशी कॅमेरा नेटिव्ह ड्रायव्हरनं जोडला आणि दुसऱ्या दिवशी ॲस्कॉमनं (सगळ्या उपकरणांसाठीचा सामाईक ड्रायव्हर) जोडला की ॲस्कॉमच्या सेटिंगच्या खिडकीत कधीतरी भरलेला ऑफसेट लागू होऊ शकतो, कुणी विचारत नाही. ज्या रात्री ज्या ड्रायव्हरनं लाइट काढले त्याच ड्रायव्हरनं डार्क काढा, वाद नको.

टेंपरेचर. हेडरमध्ये दोन आकडे असू शकतात, तुम्ही सांगितलेलं आणि सेन्सरनं प्रत्यक्षात गाठलेलं. दुसरा बघा. कूलर शंभर टक्के पॉवरवर धापा टाकत असेल तर त्यानं हात टेकलेत आणि टेंपरेचर हवेबरोबर वरखाली होतंय. नेहमीचे दोन स्टेजचे कूलर हवेपेक्षा ३५ ते ४० अंश खाली नेतात, तेही चांगल्या परिस्थितीत, म्हणजे ३० अंशांच्या रात्री उणे १० मागितलं तर त्याचा जीव जातो. शून्य ठेवा, लाइटही शून्यावर आणि डार्कही शून्यावर, कूलर साठ-सत्तर टक्क्यांवर शांत चालू दे. डार्क करंट, म्हणजे उबेनं सुटणारे ते इलेक्ट्रॉन, साधारण दर ६ अंशांना दुप्पट होतो, त्यामुळे अर्ध्या अंशाचा फरक चालून जातो, पाच अंशांचा नाही. डार्क लाइटपेक्षा गरम असताना निघाले असतील तर गरजेपेक्षा जास्त वजा होतं, आणि तुमचे काळे ठिपके तिथूनही येऊ शकतात.

आता काळा डाग. माझा पहिला संशय डार्क ऑप्टिमायझेशनवर आहे, म्हणजे पिक्सइनसाइट किंवा सिरिल या प्रोसेसिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तो जो पर्याय असतो की मास्टर डार्कला (सगळे डार्क एकत्र करून बनवलेल्या एका डार्कला) एका आकड्यानं गुणून लाइटशी जुळवून घेतो. जुन्या सीसीडीसाठी फार उपयोगाची गोष्ट होती. पण अँप ग्लो साध्या डार्क करंटच्या प्रमाणात वाढत नाही, त्याचं स्वतःचं गणित असतं, त्यामुळे एकाच आकड्यानं दोघांना गुणलं की एक जुळतो आणि दुसरा फसतो. ग्लोवाला सीमॉस कॅमेरा असेल तर ही टिकमार्क काढा आणि त्याच एक्सपोजरचे, त्याच टेंपरेचरचे डार्क वापरा. बायस (जवळपास शून्य एक्सपोजरचा, झाकण लावून काढलेला फोटो) दोनदा वजा होतोय का तेही याच वेळी बघून घ्या. बायस डार्कच्या पोटात आधीच असतो, मास्टर डार्क तसाच ठेवून वर लाइटमधून मास्टर बायस वेगळा काढला तर आकडे शून्याखाली जातात आणि शून्यावर कापले जातात, मग बॅकग्राउंडला काळे खड्डे. वजाबाकी झालेल्या फ्रेमचा मिनिमम बघा. शून्यावरच्या पिक्सेलची रांग लागली असेल तर आउटपुट पेडेस्टल म्हणून शे-दोनशेचा आकडा मिळवा, पण त्याआधी दुहेरी वजाबाकीचं कारण शोधा, नाहीतर नुसतं रंगरंगोटी केल्यासारखं होईल.

एक कारण असं आहे जे कुणाच्या डोक्यातच येत नाही. लाइट एका सॉफ्टवेअरनं काढले आणि डार्क दुसऱ्यानं, आणि दोघांची फाइल लिहायची पद्धत उलटी, एक वरच्या ओळीपासून लिहितो आणि दुसरा खालच्या. वाचणारा हे हेडरमध्ये बघून सांभाळून घेतो, पण हेडरमध्ये ती नोंदच नसेल तर डार्क उभा उलटा होऊन वजा होतो. ओळखायची खूण सोपी आहे: फोटोत हॉट पिक्सेलचे पांढरे ठिपके तसेच आहेत आणि त्यांच्या आरशातल्या जागी काळे ठिपके आलेत. तुमच्या पत्रात पांढऱ्या ठिपक्यांचा उल्लेख नाही, म्हणून मी हे शेवटी ठेवलंय, पण झूम करून एकदा बघाच.

प्रश्न : शार्पकॅपमध्ये लाइव्ह स्टॅकिंगला (फोटो निघता निघताच एकावर एक मिळवत जाणं) डार्क लोड करायला गेलं तर तो जुळत नाही म्हणतं. गेन आणि एक्सपोजर सेम आहे.

कॅप्चर एरिया आणि कलर स्पेस बघा. डार्क रॉ१६ मध्ये आणि आता आरजीबी२४ किंवा रॉ८ चालू असेल, नाहीतर मधे कधीतरी रिझोल्यूशन कमी केलेलं असेल. त्याच खिडकीत, लाइव्ह स्टॅकिंगच्या सेटिंगला हात न लावता, तिथल्याच कॅप्चर डार्कनं नवीन डार्क काढलात तर हा प्रश्न येतच नाही.

प्रश्न : दादा, पीएचडी२ या गायडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये गायड कॅमेऱ्याची डार्क लायब्ररी बनवली होती. आता ते म्हणतं की लायब्ररी कॅमेऱ्याशी जुळत नाही. आणि लायब्ररी बंद करून गायडिंग केलं तर ग्राफ एकदम सरळ रेष येतो, इतका सुंदर ग्राफ मला कधीच मिळाला नव्हता, पण फोटोत तारे लांबट आलेत!

सुंदर ग्राफचं आधी सांगतो कारण त्यात गंमत आहे. गायडिंग म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल दुरुस्त करत राहणं, पण तुमचं गायडिंग ताऱ्यावर नव्हतं, हॉट पिक्सेलवर होतं. सेन्सरवरचा पिक्सेल जागचा हलत नाही, मग सॉफ्टवेअरला वाटतं की माउंट जगातलं सर्वोत्तम आहे, आणि ते काहीच दुरुस्ती पाठवत नाही. ग्राफ संशय येण्याइतका सरळ दिसला की स्टार प्रोफाइलची खिडकी उघडा. ताऱ्याचा डोंगर पसरट असतो, हॉट पिक्सेल म्हणजे नुसती सुई.

लायब्ररी जुळत नाही याचं कारण बहुतेक बिनिंग आहे. ती लायब्ररी प्रोफाइलला आणि फ्रेमच्या साइजला बांधलेली असते, बिनिंग १ वर बनवली आणि नंतर २ केलं की फ्रेमची साइज बदलली, झाली निकामी. कॅमेरा बदलला, नवीन प्रोफाइल केलं, तरी तेच. गेन बदलला तर मात्र त्याच्या इशाऱ्याच्या भरवशावर राहू नका, स्वतःहून नवी बनवा, कारण साइज सेम असते पण आतले आकडे गेलेले असतात. बनवताना तुम्ही खरोखर वापरता तेवढ्याच एक्सपोजरची रेंज घ्या, १ ते ४ सेकंद वापरत असाल तर १५ सेकंदांपर्यंत जाऊन वेळ घालवायची गरज नाही.

गायड कॅमेऱ्याला कूलर नसतो, त्यामुळे जानेवारीची लायब्ररी मे महिन्यात अर्धवटच काम करणार. तेव्हा बॅड पिक्सेल मॅप बरा. तो वजाबाकी करत नाही, बदमाश पिक्सेलांची यादी ठेवतो आणि त्यांच्या जागी शेजाऱ्यांवरून काढलेली किंमत भरतो. डार्क मेन्यूत दोन्ही आहेत, एका वेळी एकच चालतं. मॅपमधून एखादा पिक्सेल सुटला असेल तर त्याच्यावर क्लिक करून हातानंही टाकता येतो.

प्रश्न : फ्लॅटसाठी बायस काढू की डार्क फ्लॅट?

डार्क फ्लॅट. म्हणजे फ्लॅटचंच एक्सपोजर, फ्लॅटचाच गेन आणि ऑफसेट, फक्त झाकण लावून. अनेक सीमॉस सेन्सर अगदी छोट्या एक्सपोजरला वेगळेच वागतात आणि त्यांचा बायस भरवशाचा नसतो, आयएमएक्स२९४ तर यासाठी बदनामच आहे. त्याच्या बाबतीत फ्लॅट पॅनेलचा उजेड कमी करून फ्लॅटचंच एक्सपोजर तीनेक सेकंदांपर्यंत न्या. नीनाच्या फ्लॅट विझार्डमध्ये डार्क फ्लॅटचा आकडा भरला की फ्लॅट संपल्यावर तो ते स्वतःच काढायला घेतो, झाकण मात्र तुम्हालाच लावायचंय.

प्रश्न : माझ्याकडे साधा डीएसएलआर आहे, कूलर नाही. टेंपरेचर जुळवणार कसं? आणि एका मित्राने सांगितलं की कॅमेऱ्यातलंच लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू कर, वेगळे डार्क लागतच नाहीत.

मित्र तसा चुकीचं बोलत नाही, पण महागातलं सांगतोय. ते सेटिंग चालू असलं की प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढ्याच वेळाचा एक डार्क स्वतः काढून जागच्या जागी वजा करतो. टेंपरेचर छान जुळतं, पण रात्रीचा अर्धा वेळ अंधाराचे फोटो काढण्यात जातो. आणि एकाच डार्कची वजाबाकी म्हणजे त्या डार्कचा रँडम नॉइजही प्रत्येक फोटोत मिसळला. ते चालू ठेवून वर कॉम्प्युटरनं वेगळे डार्क लावणारेही आहेत, त्यांचे हॉट पिक्सेल दोनदा वजा होतात. कॅमेऱ्यानं दोन मिनिटांच्या फोटोला चार मिनिटं घेतली की समजा ते चालू आहे, इंटरव्हलोमीटरवाल्यांचे मधले शॉट गायब होतात तेही यामुळेच.

डार्क रात्रीच्या शेवटी, त्याच जागी, कॅमेरा बॅगेत न घालता काढा. बॅगेत घातला की तो उबेनं गरम होतो, आणि घरात आणून काढले तर आणखी गरम. सेशनच्या मधे ढग आले तर तोही मोका साधा, झाकण लावा आणि दहा डार्क उरकून घ्या. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या रॉ फाइलच्या एक्झिफमध्ये सेन्सरजवळचं टेंपरेचर लिहिलेलं असतं, ते वाचून दोन-तीन अंशांच्या आतले डार्क निवडता येतात. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरवर काहीतरी झाका, तिथूनही प्रकाश आत जातो. ऑटो रोटेट बंद. फॉरमॅट रॉच, जेपेगमधून डार्क वजा करण्याला काही अर्थ नाही. वर मी डार्क ऑप्टिमायझेशनला नावं ठेवली, पण ग्लो नसलेल्या डीएसएलआरला बायससोबत ते वापरून बघायला हरकत नाही, टेंपरेचरचा थोडा फरक त्यात सांभाळला जातो.

अलीकडचे बरेच कॅमेरे डार्क करंट सेन्सरवरच दाबून टाकतात. त्यांच्या बाबतीत डार्क लावून आणि न लावता असं दोन्ही स्टॅक करून बघा, फरक दिसला नाही तर सोडून द्या आणि तो वेळ डिदरिंगला द्या. दर काही फोटोंनंतर माउंट थोडं सरकवलं की हॉट पिक्सेल दर वेळी वेगळ्या जागी पडतात आणि स्टॅक करताना सिग्मा क्लिपिंग (बाकीच्यांपेक्षा फार वेगळे आकडे वगळायची पद्धत) त्यांना उडवून लावतं. कूलर नसलेल्यांनी डार्कपेक्षा डिदरिंगवर जास्त प्रेम करावं असं माझं स्पष्ट मत आहे, यावर भांडायला येणारे येतीलच.

प्रश्न : रात्रभराचा डार्क सिक्वेन्स लावून झोपतो आणि सकाळी बघतो तर मधेच थांबलेला असतो. कधी २० फ्रेम, कधी ४५. एकदा तर सगळे निघाले पण शेवटचे तीस डार्क गरम होते.

गरम डार्कचं सोपं आहे. सिक्वेन्सच्या शेवटच्या भागात कॅमेरा वॉर्म करायची सूचना असते, ती डार्कच्या आधी लागलेली असणार, किंवा डार्क तुम्ही तिच्यानंतर चिकटवले असणार. कूलर हळूहळू सुटत गेला आणि डार्क निघत राहिले. मीन फ्रेमगणिक चढत गेला असेल तर हेच, पण टेंपरेचर स्थिर असून पहाटेकडे चढला असेल तर तो सूर्य आहे, दुसरा प्रश्न परत वाचा.

मधेच थांबण्याचं कारण लॉगमध्ये शेवटच्या चार ओळींत असतं, तो आधी उघडा. लाइटचा सिक्वेन्स कॉपी करून फक्त टाइप डार्क केला असेल तर आत गायडिंग, ऑटोफोकस, टार्गेट सेंटर करणं हे सगळं तसंच बसलेलं असतं. झाकण लावलेल्या टेलिस्कोपला तारा कुठून सापडणार, प्लेट सॉल्व्ह (फोटोतल्या ताऱ्यांवरून आकाशातली जागा ओळखणं) फेल होतं आणि सिक्वेन्स तिथेच अडून बसतो. डार्कसाठी कोरा सिक्वेन्स बनवा: कूल करा, टेंपरेचर स्थिर होऊ द्या, डार्क काढा, मग वॉर्म करा. माउंट, फोकसर, गायडर जोडायचेसुद्धा नाहीत.

थांबायचा आकडा दर वेळी वेगळा असेल तर मला यूएसबीचा वास येतो. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, लॅपटॉप स्लीपला जाणार नाही ते बघा, कॅमेरा हबवरून काढून थेट पोर्टला लावा आणि केबल छोटी वापरा. लांब एक्सपोजरमध्ये केबलवरून बराच वेळ काहीच जात नाही, विंडोजला वाटतं डिव्हाइस झोपलंय, ते त्याची पॉवर काढतं आणि फ्रेम डाउनलोड व्हायच्या वेळी कॅमेरा जागेवर नसतो. डिस्कही बघा. २६ मेगापिक्सेलची १६ बिट फाइल सुमारे ५२ एमबीची, शंभर डार्क म्हणजे ५ जीबीच्या वर.

प्रश्न : डार्क किती काढायचे आणि लायब्ररी किती दिवस चालते? कुणी २० सांगतं, कुणी २००.

मास्टर डार्कमधला रँडम नॉइज फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. २५ काढले तर एकपंचमांश, १०० काढले तर एकदशांश, म्हणजे चौपट कष्ट आणि फायदा दुप्पट. ३० ते ५० च्या पुढे मी तरी जात नाही. एकत्र करताना साधी सरासरी घेऊ नका, सिग्मा क्लिपिंग किंवा विन्सरायझ्ड सिग्मा वापरा, कारण लांब डार्कमध्ये कॉस्मिक रे आपटून छोट्या रेघा उमटतात, आणि सरासरीत त्या मास्टरमध्ये कायमच्या बसतात. एक्सपोजर दोन-तीनच ठरवून टाका, १२० आणि ३०० असे काही. दर रात्री वेगळं एक्सपोजर वापरणाऱ्याची लायब्ररी कधीच पूर्ण होत नाही.

किती दिवस चालते याला कॅलेंडर नाही. सेन्सर म्हातारा होतो तसे नवीन हॉट पिक्सेल येतात, काही आपोआप सुधारतातही. हबल दुर्बिणीलाही यातून सुटका नाही, अवकाशातल्या रेडिएशनमुळे तिथे तर हॉट पिक्सेल भराभर वाढतात, म्हणून तिच्या वाइड फील्ड कॅमेरा ३ चा सीसीडी, जो एरवी उणे ८३ अंशांना चालतो, तो साधारण महिन्यातून एकदा मुद्दाम गरम करतात, त्यानं बरेच हॉट पिक्सेल बरे होतात. आपल्याला तो उपाय नाही. आपण तीन-चार महिन्यांनी दोन ताजे डार्क काढायचे, जुना मास्टर त्यातून वजा करायचा आणि उरलेल्या फ्रेममध्ये किती ठिपके शिल्लक राहतात ते बघायचं. तुरळक असतील तर कॉस्मेटिक करेक्शन (बिघडलेल्या पिक्सेलच्या जागी शेजाऱ्यांवरून किंमत भरणं) त्यांना सांभाळून घेतं, आणि काही पिक्सेल एका फ्रेममध्ये चढलेले तर पुढच्यात उतरलेले असे लहरी असतात, त्यांना कुठलाच डार्क पुरा पडत नाही, तिथेही तेच करेक्शन लागतं. ठिपक्यांची गर्दी दिसली, किंवा ड्रायव्हर अपडेटनंतर मीडियनच सरकलेला दिसला, तर जुनी लायब्ररी त्याच दिवशी वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा आणि नवीन काढायला घ्या. जुनी डिलीट करू नका, जुने लाइट परत प्रोसेस करायचे झाले तर तीच लागेल.